रिमोटसाठी हाताचं माप

दिवाळी अंकासाठी लिहा म्हणून मागं लागलेल्या गृहस्थांना मी तीनदा नाही म्हटलं. चौथ्यांदा ते दुकानातच येऊन बसले, दोन चहा प्याले आणि उठेनात, तेव्हा हो म्हणून टाकलं. माझ्याकडं लिहिण्यासारखं आहे तरी काय? परंड्यात बसस्टँडच्या मागं एका चिंचोळ्या गाळ्यात बसून आधी रेडिओ, मग टीव्ही आणि मग कॉम्प्युटर दुरुस्त केले. आता डोळ्याला बारीक स्क्रू दिसत नाही, मान फार वेळ खाली घातली की भोवळ येते. ही दिवाळी झाली की शटर ओढायचं ठरवलंय. कुठल्या साली काय केलं ते सांगत बसत नाही, सांगताना मलाच जांभई येईल. एकाच वस्तूबद्दल लिहितो, कॉम्प्युटरला जोडायचा गेमचा रिमोट. हीच का, तर आयुष्यात हजार चुका केल्या आणि विसरलो, पण ह्या वस्तूपायी झालेली एक चूक अजून पाठ सोडत नाही.

शिकलेली माणसं त्याला कंट्रोलर म्हणतात, आमच्याकडं सरसकट रिमोट. दोन्ही हातांत धरायचा, दोन अंगठ्यांखाली दोन छोट्या दांड्या, बाकी बटणं. गिऱ्हाईक पहिलं विचारतं, वायरचा घेऊ का बिनवायरचा? मी सांगतो, मुकाट्यानं वायरचा घ्या. बिनवायरच्याला चार्जिंग लागतं, कॉम्प्युटरला ब्लूटूथ लागतं, आणि आमच्याकडं येणारे बरेच कॉम्प्युटर पुण्यातल्या कुठल्या तरी ऑफिसानं काढून टाकलेले. त्यात ब्लूटूथ शोधायचं म्हणजे जुन्या सायकलीला गिअर शोधण्यासारखं.

दुसरं सांगतो, हातात धरून बघा. पुष्कळ दुकानदार खोकं फोडू देत नाहीत, मी देतो. अंगठा न ताणता दांडीच्या टोकावर पोचला पाहिजे आणि बाकीच्या बोटांत रिमोट निवांत बसला पाहिजे. मग तो कॉम्प्युटरनं ओळखला पाहिजे. स्वस्तातल्या रिमोटला दोन रीती असतात, जुन्या खेळांची एक आणि नव्या खेळांची एक. मधलं बटण जरा वेळ दाबून धरलं की रीत बदलते, आणि हे खोक्यावर कुठंही लिहिलेलं नसतं. "नवाकोरा रिमोट बाद निघाला" म्हणून तणतणत आलेली कितीतरी माणसं मी ते एक बटण दाबून गप केली आहेत.

शेवटी दांड्यांचं माप. कॉम्प्युटरवर एक छोटी चौकट उघडते, तिच्यात अधिकचं चिन्ह असतं. दांडी हलवली की चिन्ह हलतं, सोडली की परत मधोमध येऊन थांबतं. दोन्ही दांड्या कडेकडेनं गोल फिरवायच्या, म्हणजे त्यांची हद्द कुठवर आहे ते कॉम्प्युटरला कळतं. मध्ये थोडी मोकळी जागा सोडायची, तेवढ्यात दांडी जराशी हलली तरी कॉम्प्युटर तिकडं काणाडोळा करतो. दांडी सोडूनही चिन्ह मधोमध येत नसेल तर समजायचं, आत काहीतरी बिनसलंय. मग खेळातली गाडी आपण न वळवता आपली आपण वळत राहते. माझा एक नियम होता. रिमोट गिऱ्हाईकाच्या हातात देण्याआधी शेवटचं एकदा ते चिन्ह बघायचं.

गिऱ्हाईकं एकेक नमुना असतात. करमाळा रोडचे एक बागायतदार आहेत, घरी तीन ट्रॅक्टर. दुपारचं जेवण झालं की कॉम्प्युटरवर ट्रॅक्टर चालवायला बसायचे. एक दिवस माझ्यावर उखडले, ह्याचा ब्रेक बोटात का, पायात पाहिजे. मी म्हटलं, दादा, दारात तीन उभे आहेत, त्यातल्या एकाच्या ब्रेकवर पाय ठेवा की. तर म्हणाले, त्या तिघांचे ड्रायव्हर सुट्टी मागतात, ह्याला ड्रायव्हरच नाही. त्यांचा रिमोट दर दिवाळीनंतर माझ्याकडं यायचा. उघडला की आत शेव, चकलीचा चुरा, एकदा तर अख्खा शेंगदाणा. दिवाळीनंतरचे दिवस मी ब्रश घेऊन लोकांचा फराळ झाडत बसायचो. दांडीच्या बुडाशी कण अडकला की दांडी नीट परत येत नाही, हे माझ्याइतकं तालुक्यात कुणाला ठाऊक नसेल. हे मुद्दाम लिहितोय, पुढं लागणार आहे.

मागच्या साली पोळा होऊन गेल्यावर सोनारीचे भीमराव दुकानात आले. गावात त्यांना बापू म्हणतात, म्हणून मीही बापूच म्हणतो. साठीच्या पुढचे, डोक्याला टापर बांधलेलं, पायरीवर चपला काढून आत आले. खिशातून कॅलेंडरचा घडी घातलेला कागद काढून काउंटरवर पसरला आणि म्हणाले, सूनबाईला गेमचा रिमोट पाहिजे, हे तिच्या हाताचं माप.

आमच्या भागात घरची माणसं बाजाराला येणार नसली की त्यांच्या पायाचं माप कागदावर काढून चपलेच्या दुकानात आणतात. कागदावर पाऊल ठेवायचं, भोवतीनं पेन फिरवायचा. बापूंनी तसंच हाताचं आणलं होतं. उजवा हात नीट होता. डाव्याचा अंगठा होता, पहिलं बोट होतं, मधलं अर्धं, आणि पुढं रेघ सरळ मनगटाकडं उतरली होती. मला वाटलं, पेन संपला असेल. मी हसत म्हटलं, "बापू, डाव्याचं माप अर्धंच काढलंय."

ते शांतपणानं म्हणाले, "माप बरोबर हाय मालक. हात तेवढाच हाय."

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. मग त्यांनीच सांगितलं. सुवर्णा त्यांची धाकटी सून, मुलगा पुण्याला कंपनीत. दोन वर्षांमागं कडबाकुट्टीत वैरण घालताना तिचा डावा हात आत ओढला गेला. मशीन बापूंनीच हौसेनं आणलेलं. तेव्हापासून ते त्यांनी चालू केलं नव्हतं.

रिमोट खेळायला नको होता. तिच्या बचत गटाला फवारणीचं ड्रोन मिळणार होतं. गटातल्या एका बाईला ते उडवायचं शिकायला पाठवायचं होतं, आणि ती कोण, हे ठरवायला दसरा झाल्यावर तालुक्याला चाचणी होती. चाचणी कॉम्प्युटरवर, खेळासारखीच. पडद्यावरचं ड्रोन उचलायचं, एका रेषेत न्यायचं, वळवायचं, खुणेवर उतरवायचं. सुवर्णाकडं नवऱ्याचा जुना लॅपटॉप होता, त्यावर तिनं सरावाचा खेळ घेतला होता. फक्त दांड्या पाहिजे होत्या.

मापावरून काम होईना, म्हणून मी म्हटलं, तिलाच घेऊन या. दोन दिवसांनी दोघं लॅपटॉप घेऊन आले. पंचविशीची, सडपातळ, पदर डाव्या हातावरून घेतलेला. बोलणं मोजकं. मी सात-आठ रिमोट पुढं मांडले. तिनं एकेक उचलून बघितला. मोठे सगळे डावीकडून निसटायचे, खालून धरायला बोटंच नव्हती. शेवटी सगळ्यांत हलका निवडला. डावीकडच्या मुठीला मी बॅटीची ग्रिप गुंडाळली, जरा फुगीर केली, मग तो तळव्यात अडकून बसला. तिचा डावा अंगठा अपघातानंतर पुरता वाकत नव्हता, दांडी कडेपर्यंत जात नव्हती. म्हणून मापात मी डाव्या दांडीची हद्द आखूड केली आणि मधली मोकळी जागा जवळजवळ काढूनच टाकली. नुसतं टेकवलं तरी ड्रोन वळलं पाहिजे. डाव्या दांडीनं ड्रोन वरखाली होतं आणि जागच्या जागी फिरतं, उजवीनं पुढंमागं आणि बाजूला जातं. पहिल्याच दिवशी माझ्या काउंटरवर तिनं पडद्यावरचं ड्रोन एका झाडावर घातलं, एका विहिरीत घातलं, आणि तिसऱ्या बारीला खुणेवर उतरवलं. बापू टाळ्या वाजवायला निघाले होते, कसेबसे थांबले.

मी तिला विचारलं, एवढा आटापिटा कशाला करतीस, दुसरं काही हलकं काम बघ की.

ती म्हणाली, "काका, घरात सगळी लई चांगली हायेत. मला पाण्याचा तांब्यासुदिक उचलू देत न्हाईत. दोन वर्सं झाली, मी माझ्याच घरात पाव्हणी म्हणून बसलीया."

बापू तेव्हा बाहेरच्या रस्त्याकडं बघत होते. मला त्या दिवसापासून त्या रिमोटची काळजी लागली. तिची चाचणी म्हणजे जणू माझीच.

नवरात्रात अष्टमीला बापू रिमोट घेऊन आले. सराव इतका चालला होता की ग्रिप सुटली होती. खऱ्या ड्रोनचा रिमोट गळ्यात पट्ट्यानं अडकवतात, तसा पट्टा सुवर्णालाही करून द्यावा म्हणून मी तो ठेवून घेतला. ग्रिप नवी बसवली, पट्टा लावला, चिन्ह बघितलं, मधोमध. दुसऱ्या दिवशी खंडेनवमी.

खंडेनवमीला हत्यारं पुजायची. आमची हत्यारं म्हणजे कावीळ (असं आम्ही सोल्डरिंगच्या पिवळ्या पडलेल्या बंदुकीला म्हणतो), स्क्रू ड्रायव्हर, मीटर, चिमटे. टेबलावर सगळं ओळीनं मांडलं. बायको लेकीकडं बार्शीला गेलेली, हळदीची पुडी घरीच राहिली, गल्ल्यात कुंकवाची डबी तेवढी सापडली. म्हटलं, चालतंय. कोरडं कुंकू झटकलं जातं म्हणून मी ते तेलाच्या थेंबात कालवतो. गिऱ्हाईकाच्या वस्तूला मी कधी कुंकू लावत नाही. इतक्या वर्षांत कधीच नाही. पण त्या दिवशी सुवर्णाचा रिमोट ओळीत ठेवला. मनात म्हटलं, आई भवानी, पोरीच्या हाताला यश दे, आणि बोट भरून कुंकू डाव्या दांडीच्या टोकावर लावलं. ज्या दांडीवर तिचा तो अंगठा टेकणार, मुद्दाम तिच्यावरच. जरा जास्तच लागलं. वाटलं, लागू दे.

दसऱ्याच्या सकाळी बापू आले. सोनारीची जीप बाहेर भरलेली, ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. मी फडक्यानं दांडी पुसली आणि रिमोट दिला. परवाच चिन्ह बघितलंय, पुन्हा कशाला लावायचं, असं मनात आलं. तेवढं दोन मिनिटं लावून बघितलं असतं तर हे लिहायची पाळी आली नसती.

चाचणीचा दिवस आला आणि गेला. मी वाट बघत होतो पेढ्याची. आठ दिवसांनी बापू आले, हातात पिशवी, पिशवीत रिमोट. म्हणाले, ठेवून घ्या, दुसऱ्या कुणाच्या कामी येईल. मी विचारलं, काय झालं? ते म्हणाले, ती गेलीच नाही. दसऱ्यापासून ड्रोन सरळ चालेना. वळवलं की वळतच राहायचं, डावीकडं डावीकडं. तिनं दोन दिवस धडपड केली. मग तिच्या ध्यानात आलं की आपला अंगठाच दांडी ओढून धरतोय, सोडतोय असं वाटतं पण सोडत नाही. चाचणीच्या आदल्या दिवशी तिनं गटाच्या अध्यक्षीण बाईंना स्वतःच जाऊन सांगितलं, माझं नाव काढा, हात साथ देत नाही. दुसरी बाई गेली. तिची निवडही झाली.

"मी म्हणलं मालकाला दाखवू," बापू म्हणाले. "तर म्हणली, मामा, त्येंनी चांगलाच दिलाय. दोष हाताचा हाय."

बापू गेल्यावर मी शटर अर्धं ओढून रिमोट लावला. दांडी डावीकडं केली, सोडली. चिन्ह निघालं, मधोमध यायच्या आत थांबलं. पुन्हा केलं, पुन्हा थांबलं. मोकळी जागा मीच काढून टाकली होती, त्यामुळं तेवढा फरकही ड्रोनला पुरत होता. हात लावला नाही तर काही होत नव्हतं. अंगठा टेकवून डावीकडं नेला की तिथून पुढं बिघडायचं. तिला दुसरं काय वाटणार?

स्क्रू काढले. दांडीच्या बुडाशी, स्प्रिंगच्या गळ्यात, कुंकू. तेलात कालवलेलं, उतरून खाली गेलेलं, गोळा होऊन चिकटलेलं. मी कागदावर खरवडून काढलं. आयुष्यभर लोकांच्या रिमोटमधली शेव झाडली आणि आपल्या हातानं आत कुंकू घातलं. बरं, रागानं नाही, निष्काळजीपणानंही नाही, मायेनं घातलं. त्याचीच जास्त चीड आली.

रिमोट साफ केला, चिन्ह पन्नासदा बघितलं आणि रविवारी सोनारीची जीप धरली. रविवार भैरवनाथाचा वार, देवळाच्या अंगानं नारळवाल्यांची, पाव्हण्यारावळ्यांची गर्दी. मी देवळात गेलो नाही, सरळ त्यांच्या वस्तीवर गेलो. अंगणात ती कडबाकुट्टी पोत्यात गुंडाळून उभी होती. सुवर्णा ओट्यावर बसून एका हातानं घेवडा निवडत होती. तिची सासू माझ्यासाठी पाणी आणायला उठली.

वाटेत चार तऱ्हेनं सांगायचं ठरवलं होतं, तोंड उघडल्यावर एकही आठवली नाही. म्हटलं, "सुवर्णा, तुझा हात ओढत नव्हता. दांडी अडकत होती. मी तिला खंडेनवमीचं कुंकू लावलं, ते आत गेलं. चूक माझी आहे."

ती आत जाऊन लॅपटॉप घेऊन आली, ओट्यावर ठेवला, रिमोट जोडला, पट्टा गळ्यात घातला. मी चिन्हाची चौकट उघडून दिली. तिनं डावा अंगठा दांडीवर ठेवला, डावीकडं नेला, सोडला. चिन्ह मधोमध आलं. पुन्हा नेला, सोडला. मधोमध. दहा-पंधरा वेळा तिनं तेच केलं. बापू दारात उभे होते, ते तोंड फिरवून गोठ्याकडं निघून गेले.

"म्हंजी हात बरा हाय माझा," ती म्हणाली. मला नव्हे, स्वतःलाच.

मी म्हटलं, मी अध्यक्षीण बाईंना भेटतो, तालुक्याच्या कचेरीत जातो, सगळं सांगतो. ती म्हणाली, नको. गेलेली बाईही गरजेची आहे, तिचं शिक्षण सुरू झालंय, आता तिच्या तोंडचा घास कशाला काढायचा. पुढं दुसरं ड्रोन आलं तर बघू. मी मान खाली घालून बसलो. खरं सांगतो, डोळ्यांत पाणी आलं, आणि ते लपवण्याचं त्राणही उरलं नव्हतं.

तेव्हा तिनं पट्टा काढला, रिमोट मांडीवर ठेवला आणि म्हणाली, "काका, एवढं मनाला लावून घिऊ नगासा. दसऱ्याला रिमोट घरी आला तवा मीबी त्येला हळद-कुकू वाहिलं व्हतं की. कुणाचं आत गेलं, कुणाला ठावं?"

ऐकल्यावर छातीवरचा धोंडा हलल्यासारखं झालं. चहा घेतला, बापूंनी घेवड्याची पिशवी हातात दिली, जीपनं परत आलो. वाटभर स्वतःला समजावत होतो, दोघांचंही असेल, किंवा तिचंच असेल. दुकान उघडलं. टेबलावर तो खरवडलेला कागद तसाच होता. आमच्याकडं कुठलीही बाई आधी हळद लावते, मग कुंकू. हळदीशिवाय तिचं बोट कुंकवाकडं जात नाही. आणि माझी हळद तर त्या दिवशी घरीच राहिली होती.

भिंग काढलं, कागद दिव्याखाली धरला आणि सावकाश बघितलं. भिंग पुसून पुन्हा एकदा बघितलं. नुसतं कुंकू होतं, पिवळा एक कण नव्हता. पोर माझ्यासाठी खोटं बोलली होती.